क्लचवरचा पाय

दिवाळीच्या सुमारास लोक महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात, ज्यांना परवडते ते काश्मीर पाहून येतात आणि पुढे आठ दिवस शेजाऱ्यांना फोटो दाखवतात. गेल्या वर्षी दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका खेड्यात गेलो आणि तीन दिवस एका पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहून ट्रॅक्टरचे दोन तुकडे कसे करतात ते पाहिले. परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, "काय पाहून आलात?" मी म्हणालो, "क्लच." त्यांनी पुढे काही विचारले नाही. म्हणून ती हकीकत इथे सांगतो.

निमित्त झाले अक्काच्या फोनचे. अक्का ही माझी थोरली बहीण. तिला फोनवर लांबण लावायची सवय नाही. ती म्हणाली, "ट्रॅक्टर बंद पडलाय. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. तू ये." मी म्हणालो, "अगं, मला ट्रॅक्टरमधले काय कळते?" ती म्हणाली, "ट्रॅक्टरसाठी कोण बोलावतंय तुला?" आणि फोन ठेवला.

पुण्याहून नगरची एस.टी. धरली. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली ती याच पुणे-नगर मार्गावर. नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण गाडीतली मंडळी अजून "नगर एक द्या" असेच म्हणतात आणि कंडक्टरही न अडखळता तिकीट फाडतो. रांजणगावच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले, शिरूरला घोड नदी ओलांडली, सुप्याला चहा घेतला. हा सगळा मुलूख तसा उघडाबोडका. पण परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे माळसुद्धा हिरवे लुगडे नेसून बसले होते. नगर सोडून राहुरी गाठली की मात्र देखावा पालटतो. रस्त्याच्या दोहो बाजूंना ऊस सुरू होतो आणि तो काही केल्या संपत नाही. प्रवरेचा पूल ओलांडताना मी नेहमीप्रमाणे खिडकीतून डोकावलो. नदी भरलेली होती आणि काठावर कुणी तरी म्हशी धूत होते.

हा ऊस इथला मूळचा नव्हे. वर सह्याद्रीत भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे डावे आणि उजवे असे दोन कालवे निघाले आणि बाजरीच्या या मुलखाला पाणी मिळाले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर आली. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि नगर जिल्ह्याचे नाव सगळीकडे झाले. श्रीरामपूर हे गावही तसे नवेच. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे बेलापूर रोड स्टेशन, त्याच्या आजूबाजूला वाढलेला बाजार म्हणजे श्रीरामपूर. आज या गावात तुम्ही कुठेही उभे राहा, हाकेच्या अंतरावर ट्रॅक्टरचा एखादा सुटा भाग विकणारे दुकान दिसेल.

स्टँडवर धाकटा भाचा मोटारसायकल घेऊन आला होता. पोरगा वीस-एकवीस वर्षांचा, अंगाने सडसडीत, बोलायला एरवी तोंडाळ. त्या दिवशी मात्र गप्प. कालव्याच्या कडेने निम्मी वाट संपल्यावर तो म्हणाला, "मामा, मी प्लेट जाळली नाही."

"कसली प्लेट?"

"क्लचप्लेट. आप्पा म्हणतात मी जाळली."

मग हळूहळू सारी कथा कळली. पोळ्याच्या सुमारास खताच्या गोण्यांची ट्रॉली घेऊन चारीचा चढ चढताना ट्रॅक्टर अडला. इंजिन गर्जना करते आहे, धूर ओकते आहे आणि चाके जागच्या जागी! जळक्या रबरासारखा उग्र वास सुटला. त्या वेळी चाकावर भाचा बसला होता. दाजींनी बांधावरून ते पाहिले आणि चार माणसांदेखत त्याला खाली उतरवले. तेव्हापासून त्याने ट्रॅक्टरला हात लावायचा नाही असा हुकूम झाला. दाजी स्वतःच हलक्या गिअरमध्ये, रिकाम्या ट्रॉलीनिशी तो चालवत राहिले. दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून त्याची पूजा केली. आणि दुसऱ्याच दिवशी नांगर लावून शेतात घातला तो दहा पावलेही चालला नाही.

घरी गेल्यावर अक्काने उरलेले सांगितले. दाजींनी निर्वाणीचे बोलून ठेवले होते: क्लच खरोखरच जळला असेल तर ट्रॅक्टर भंगारात जाईल आणि पोरगा चाकणला कारखान्यात नोकरीला जाईल, शेतीची अवजारे ज्याला सांभाळता येत नाहीत त्याने शेती करू नये. अक्काचा थोरला मुलगा आधीच मुंबईत आहे. "हा पण गेला तर," अक्का म्हणाली, आणि पुढे न बोलता चुलीपुढची राख सारखी करू लागली.

दाजींची बाजूही समजून घेतली पाहिजे. हा ट्रॅक्टर म्हणजे त्यांच्या घरातला जणू वडीलधारा माणूस. 'इंटरनॅशनल बी-२७५', पस्तीस अश्वशक्तीचा. मूळ कूळ इंग्लंडातले. १९६३ साली मुंबईच्या महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि तो कांदिवलीला बनू लागला. दाजींच्या वडिलांनी १९७२चा दुष्काळ पाहिला, त्यात जनावरे कशी तरी जगवली आणि पुढे चार-पाच वर्षांनी दोन बैलजोड्या विकून हा ट्रॅक्टर जुना म्हणून विकत घेतला. दाजी तेव्हा सोळा वर्षांचे. त्याआधी पाच-सहा वर्षे ते औत हाकीत होते. आता त्यांनी साठी ओलांडली आहे. पण त्या लोखंडी सीटवर बसले की पाठ अजून ताठ असते.

आणि वेळ मोठी आणीबाणीची होती. शहरातल्या वाचकांना 'वाफसा' हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. काळी जमीन ही मानी असते. ओली असताना तिच्यात नांगर घातला तर चिखलाच्या कापा निघतात आणि त्या वाळून दगड होतात. पार सुकली तर नांगर आत शिरत नाही, ढेकळे निघतात. या दोहोंच्या मध्ये थोडे दिवस असे येतात की माती हाताला ओलसर लागते पण चिकटत नाही. मुठीत दाबली तर गोळा होतो आणि तो खाली टाकला की फुटतो. तो वाफसा. पावसाने उघडीप दिल्याला तीन दिवस झाले होते. सोयाबीन निघालेल्या चार एकरांत पूर्वहंगामी ऊस लावायचा होता, आणि त्याच्या लावणीचा काळ साधारण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. भाड्याने ट्रॅक्टर आणावा तर वाफसा साऱ्या गावाला एकाच वेळी येतो! जो तो आपल्याच रानात अडकलेला. शिवाय कारखान्याचा गळीत हंगाम तोंडावर, त्यामुळे उरलेले ट्रॅक्टर ऊस वाहतुकीच्या करारात गुंतलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून आमचे धूड श्रीरामपूरच्या वाटेवरच्या एका शेडपाशी ओढत नेले. या शेडचे मालक सारा तालुका ज्यांना 'चाचा' म्हणतो असे एक वृद्ध मिस्त्री. पांढरी दाढी, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा, आणि हातांच्या रेषांत चाळीस वर्षांचे ग्रीस. त्यांनी आम्हाला राम राम केला, चहा मागवला आणि ट्रॅक्टरकडे ढुंकूनही न पाहता दाजींच्या उसाची चौकशी केली. रोग्याला पाहण्याआधी घरच्यांना पाहणारे वैद्य पूर्वी असत, त्यांची मला आठवण झाली.

चहा झाल्यावर चाचांनी इंजिन सुरू केले, ब्रेक दाबून कुलूप केले, वरचा गिअर टाकला आणि क्लचचे पेडल हळूहळू सोडले. क्लच धड असेल तर अशा वेळी इंजिन कोंडले जाऊन बंद पडायला हवे. आमचे इंजिन खुशाल चालू राहिले. "घसरतोय," चाचा म्हणाले. मग त्यांनी इंजिन बंद करून पेडल हाताने दाबून पाहिले. एकदा, दोनदा. आणि चष्म्यावरून दाजींकडे पाहिले. "आप्पा, ढील कुठं गेली याची?"

इथे थोडे थांबून क्लच म्हणजे काय ते मला जसे समजले तसे सांगतो. इंजिनाच्या मागे एक जड लोखंडी चाक असते, ते फ्लायव्हील. त्याच्या मागे दुसरी लोखंडी तबकडी असते, तिला प्रेशर प्लेट म्हणतात. या दोन थाळ्यांच्या मध्ये भाकरीसारखी पातळ अशी क्लचप्लेट असते. थाळ्या इंजिनाच्या, भाकरी मात्र मागच्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेली. मजबूत स्प्रिंगा मागून रेटा देतात, थाळ्या भाकरीला चिमटीत धरतात आणि इंजिनाबरोबर ती फिरू लागते. म्हणजेच चाके फिरू लागतात. आपण पेडल दाबले की एक बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेटच्या पट्ट्या दाबते, चिमटी सुटते आणि भाकरी मोकळी होते. त्या पट्ट्यांना मिस्त्री लोक 'बोटे' म्हणतात. भाकरीच्या दोन्ही अंगांना खरबरीत लायनर रिव्हेटांनी ठोकलेले असते. ते झिजते, आणि झिजावेच अशी त्याची योजना आहे.

आता गंमत अशी की ती बोटे तराजूच्या दांडीसारखी असतात. लायनर झिजले की प्रेशर प्लेट पुढे सरकते आणि बोटांची आतली टोके तेवढीच मागे, बेअरिंगकडे येतात. म्हणून पेडलला सुरुवातीला थोडी मोकळीक ठेवावी लागते. पेडल थोडे खाली जाईपर्यंत आत काहीच घडू नये. कितीशी? ज्याच्या त्याच्या पुस्तकात ते लिहिलेले असते. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना सुमारे एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर. चाचांचे माप निराळे होते. ते म्हणाले, "अंगठ्याचं एक पेर." प्लेट जसजशी झिजते तसतशी ही मोकळीक आपोआप कमी होत जाते. ती अधूनमधून पेडलखालच्या दांडीचा नट फिरवून पुन्हा पेरभर करून घ्यायची. ती अगदीच संपली तर बेअरिंग बोटांना कायमचे टेकते, चिमटी कधीच पुरी आवळत नाही, प्लेट घसरते, घसरली की तापते, आणि तापली की आणखी झिजते.

आमच्या ट्रॅक्टरची मोकळीक शून्य होती. चाचांनी आधी ती दांडीवर करून पाहिली. पाच मिनिटांचे काम. कधी कधी तेवढ्यानेच क्लच सुधारतो आणि मिस्त्रीला चहावरच समाधान मानावे लागते. इथे तसे झाले नाही. पेडलला ढील आली तरी इंजिन कोंडेना. "फोडावा लागंल," चाचा म्हणाले.

जीपगाडीला जसा सांगाडा असतो तसा ट्रॅक्टरला नसतो. इंजिन, क्लचची पेटी, गिअरबॉक्स यांची अंगेच एकमेकांना बोल्टांनी जोडून त्याचा कणा झालेला असतो. त्यामुळे क्लच पाहायचा तर कणाच मधोमध सोडवायचा. आधी बॅटरी काढली. डिझेलची नळी, तारा, स्टिअरिंगचा दांडा सोडवला. पुढचा आस मधल्या खिळीवर डोलतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या. नाही तर सुटे झालेले इंजिन आडवे व्हायचे. गिअरबॉक्सखाली जॅक आणि सागाचे ठोकळे लावले, मागच्या चाकांना दगड दिले. मग एकेक बोल्ट सैल झाला. चाचांनी हाताखालच्या दोन पोरांना बजावले, "हात मधी घालायचा नाय, काय पडलं तर पडू द्यायचं." आणि इंजिनाकडचा अर्धा भाग, पुढची चाके लोटत, इंच-इंच पुढे सरकवला. शेवटी दोन अर्ध्यांच्या मध्ये माणूस उभा राहील एवढी वाट झाली. पन्नासएक वर्षे ज्याने औत ओढले तो ट्रॅक्टर कापलेल्या कलिंगडासारखा उघडा पडला. दाजींनी तोंड फिरवले.

आतून काळी धूळ निघाली. एका पोराने हवेचा पाइप उचलला, तसे चाचा ओरडले. ओल्या फडक्याने त्यांनी स्वतः ती पुसून घेतली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांत बसली की निघत नाही. "आम्ही जवान होतो तवा फुंकूनच साफ करायचो," ते म्हणाले, "आता खोकल्याची गोळी घेतल्याबिगर झोप नाय."

प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करून त्यांनी ती उतरवली आणि क्लचप्लेट हातात घेतली. ती उजेडात धरली. मग फ्लायव्हीलवर बोट फिरवले. मग बेअरिंग कानाशी नेऊन फिरवले. शेडमध्ये सगळे गप्प होते. भाचा दारापाशी उभा होता, आत आला नव्हता.

"आप्पा, इकडं या," चाचा म्हणाले. "हे बघा. पोरं क्लच कसा मोडतात ठाऊक हाय? पेडल एकदम सोडतात. धडाकन. तसा मोडला की ह्या मधल्या स्प्रिंगा तुटत्यात, लायनरला चिरा पडत्यात, रिव्हेट उपटत्यात. बघा, स्प्रिंगा साबूत. चीर एक नाय. लायनर सगळीकडून सारखं झिजलंय, आरशावानी चकाकतंय. आता रिव्हेटच्या डोक्याला टेकलंय." त्यांनी प्रेशर प्लेट उलटी केली. तिन्ही बोटांच्या टोकांना खोल, गुळगुळीत चर पडले होते. विहिरीच्या काठच्या दगडाला दोराने पडतात तसे. "हे एका दिवसाचं काम नाय. हे दोन वर्सांचं नाय. बेअरिंग ह्याच्यावर कायम टेकून फिरलंय." बेअरिंग त्यांनी दाजींच्या हातात दिले. ते फिरवताच वाळूसारखे खरखरले.

"म्हंजी?" दाजींनी विचारले.

"म्हंजी पेडलवर कुणाचा तरी पाय कायम असतो. चालवताना नुसता ठेवलेला. दाबलेला नाय, ठेवलेला. तेवढ्यानं होतं." आणि चाचा जरा थांबून म्हणाले, "मी नाव नाय घेत."

नाव घ्यायची गरज नव्हती. दाजी ट्रॅक्टर चालवताना मी कितीदा तरी मडगार्डवर बसलो आहे. त्यांचा डावा पाय पेडलवरून हललेला मला आठवत नाही.

दाजी बराच वेळ ते बेअरिंग हातात फिरवीत बसले. मग कुणाकडेही न पाहता म्हणाले, "आमच्या बापानं शिकवलं होतं, कासरा हातातून सोडायचा नाही. बैल कितीही गरीब असला तरी कासरा हातात पायजे. झोप आली तरी मुठीत पायजे." त्यांनी डाव्या पायाकडे पाहिले. "ट्रॅक्टर घेतला तवा मला कुणी शिकवलं नाही. मी आपला पाय ठेवला."

मला वाटले, बैलाच्या बाबतीत ती शिकवण बावनकशीच होती. बैलाला कासऱ्याचा नुसता स्पर्शही कळतो. मालक मागे आहे एवढे त्याला समजले तरी तो नीट चालतो. लोखंडाला तसला स्पर्श समजत नाही. त्याला धरा, नाही तर सोडा.

दाजी उठले, दारापर्यंत गेले. भाच्याला ते काही तरी बोलतील असे आम्हाला वाटले. ते म्हणाले, "फ्लायव्हील लेथवर न्यायचंय. तुझ्या गाडीवर मावंल का?" भाचा म्हणाला, "मावंल." पोळ्यानंतरचे बापलेकांचे ते पहिले बोलणे.

फ्लायव्हीलला तापून निळे डाग पडले होते. श्रीरामपुरातल्या एका लेथवाल्याने त्याचे तोंड अगदी पातळसे घासून सपाट केले. नवी प्लेट आणि नवे बेअरिंग बाजारात लगेच मिळाले. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरचे सामान किराण्यासारखे मिळते, हे मला श्रीरामपूरचे एक वैभवच वाटले. बोटे झिजलेली, म्हणून प्रेशर प्लेटही बदलावी लागली. इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला एक लहान बेअरिंग असते, गिअरबॉक्सच्या दांड्याचे नाक त्यात बसते. चाचांनी तेही बदलले. "पाव्हण्याला जेवायला घातलं आन् पाणी नाय दिलं, असं करू नये," ते म्हणाले. कणा एकदा उघडला की लहानसहान वस्तूंसाठी तो पुन्हा उघडायची पाळी येऊ नये, हा त्यांचा कटाक्ष.

संध्याकाळी काम थांबले तेव्हा चाचांनी गोष्टी सांगितल्या. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर दोन महिने पावसात उभा राहिला आणि प्लेट गंजून फ्लायव्हीललाच चिकटली. पेडल दाबले तरी गिअर पडेना. घाईने त्याने गिअरमध्येच स्टार्टर मारला, ट्रॅक्टर उसळून गोठ्याच्या भिंतीत शिरला. अशा वेळी इंजिन न्यूट्रलमध्ये चांगले तापवावे, मग बंद करून पेडल दाबून लाकडाने अडकवून रात्रभर ठेवावे. पुष्कळदा प्लेट सकाळपर्यंत सुटते. म्हणून पावसाळ्यात ट्रॅक्टर नुसता उभा ठेवायचा तर पेडल दाबूनच ठेवावे, म्हणजे प्लेट चिकटत नाही. दुसरी गोष्ट क्लचच्या पेटीच्या बुडाशी असलेल्या भोकाची. कित्येक ट्रॅक्टरांना ते असते आणि त्यात एक सैल खिळ लोंबकळते. आत आलेले पाणी किंवा सीलमधून झिरपलेले तेल त्यातून खाली पडावे ही त्यामागची युक्ती. लोकांना ते भोक उगीच वाटते आणि ते चिखलाने बुजते. मग तेल प्लेटवर चढते आणि नवा क्लचही घसरू लागतो. "त्या भोकातून काय गळतंय ते बघत जावा," चाचा म्हणाले. "कोरडं असलं तर झोपा. तेल असलं तर माझ्याकडं या."

तिसऱ्या दिवशी जोडणी. प्लेटला दोन बाजू असतात. मधला उंच भाग गिअरबॉक्सकडे यायला हवा. ती नेमकी मध्यावर बसावी म्हणून चाचांनी जुन्या गिअरबॉक्सचा एक दांडा जपून ठेवला होता, तो मधून घातला आणि मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळले. तिन्ही बोटांची उंची सारखी आहे की नाही हे पट्टी लावून पाहिले. एक किंचित वर होते, ते खाली घेतले. मग दोन्ही अर्धे समोरासमोर आणले, आणि दुपारचा सगळा घाम इथे निघाला. दांड्याचे दाते प्लेटच्या खाचांत जाईनात. अर्ध्या इंचाची फट राहिली. दाजी म्हणाले, "बोल्ट लावून आवळून घेऊ, येईल जवळ." चाचांनी त्यांचा हात धरला. "आप्पा, बोल्टानं ओढायचं नाय. पेटी फुटंल. ते आपल्या आपण गेलं पायजे."

त्यांनी भाच्याला हाक मारली. गिअर टाकला, मागचे एक चाक जॅकवर उचलले आणि भाच्याला ते अगदी हळू फिरवायला सांगितले. दोन पोरे इंजिन हलकेच लोटत होती. चाक एक वीत फिरले, काही नाही. दोन वीत. आणि 'खट्' असा बारीक आवाज झाला, फट मिटली, दोन्ही अंगे एकमेकांना अशी भिडली की मधली रेघही दिसेना. शेडमधल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

शेवटचे काम पेडलच्या मोकळिकीचे. चाचांनी पाना भाच्याच्या हातात दिला. त्याने दांडीचा नट फिरवला, पेडल दाबून पाहिले, पुन्हा फिरवला. चाचांनी विचारले, "किती?" भाच्याने आपला अंगठा पेडलशी धरला. "पेरभर." मग ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून त्याने पेडल सोडले. इंजिनाने एक आचका दिला आणि ते निमूट बंद पडले. इंजिन बंद पडल्याचा इतका आनंद झालेली माणसे मी पूर्वी पाहिली नव्हती.

"पहिले आठ दिवस जड ओढायचं नाय," चाचांनी बजावले. "नवं लायनर बसू द्या. दर पन्नास-साठ तासांनी ढील बघायची. आन् पाय..." ते दाजींकडे पाहून थांबले.

"पाटावर," दाजी म्हणाले.

दिवस मावळताना घरी आलो. दाजी थेट रानात गेले, मीही मागोमाग. त्यांनी वाकून मूठभर माती घेतली, दाबली आणि गोळा खाली टाकला. तो फुटला, पण कडा कोरड्या पडू लागल्या होत्या. "उद्याचा दिवस हाय," ते म्हणाले. "परवा ढेकळं निघतील."

आठ दिवस जड ओढायचे नाही म्हणून नांगर बाजूला ठेवून हलका मोगडा लावायचे ठरले. पहाटे पाचला मला जाग आली ती इंजिनाच्या आवाजाने. बाहेर आलो तर दाजी ट्रॅक्टरपाशी उभे. ते सीटवर चढले, क्षणभर बसले, आणि पुन्हा खाली उतरले. मग ओट्यावर उभ्या असलेल्या मुलाला म्हणाले, "बस. सरी वाकडी झाली तर मी बांधावरनं सांगंन."

अक्का चहाचा कप हातात घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही, पण कप माझ्या हातात द्यायला मात्र विसरली आणि स्वतःच पिऊन टाकला.

उजाडले तेव्हा निम्मे रान उलटून झाले होते. काळीभोर माती मोकळी होऊन पडत होती आणि मागे बगळे चालत होते. दाजी बांधावर उभे होते. वळणावर भाच्याने वेग कमी केला तसा त्यांचा डावा पाय आपोआप पुढे झाला आणि त्यांनी बांधाची माती दाबली. त्यांचे त्यांनाच ते कळले असावे. त्यांनी पाय उचलला, जरा मागे घेतला, आणि नुसतेच पाहत राहिले.

मी दुपारच्या गाडीने निघालो. अक्काने चिवड्याचा डबा दिला. भाचा शेतातच होता, म्हणून स्टँडवर सोडायला दाजी स्वतः आले. गाडी सुटता सुटता ते खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पाव्हणं, ते चाकणचं मी रागात बोललो होतो. तुमच्या बहिणीला तेवढं सांगा." मी म्हणालो, "दाजी, घरी जाऊन तुम्हीच सांगा की." त्यांनी मान हलवली, पण सांगितले की नाही कोण जाणे.

महिन्याभराने अक्काचा फोन आला. उसाची उगवण चांगली झाली होती. ट्रॅक्टरचे विचारले तेव्हा ती म्हणाली, "दर पंधरा दिवसांनी दोघं त्या पेडलपाशी वाकून अंगठा लावून बघतात. काय बघतात देव जाणे."